जाड अक्षर, बारीक रेघ

तर झालं असं, की नवरात्राआधी दुकानाची पाटी बदलायची ठरली. आमचं किराणा दुकान केडगावात, पुणे रोडला लागून. (केडगाव म्हणजे नगरचं, रेणुकामातेचं. दौंडजवळचं नव्हे. पुण्यात ऑफिसात हे दर वेळी सांगावं लागतं.) जुनी पत्र्याची पाटी मी शाळेत असताना पेंटरकाकांनी रंगवलेली. तिचा रंग पार उडाला होता.

"फ्लेक्सच करू. डिझाइन मी करतो," मी म्हणालो.

अण्णा म्हणाले, "पेंटरला विचारलं असतं एकदा."

"अण्णा, आता कोण रंगवून घेतं?"

अण्णा गप्प बसले. अण्णांचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी सोयीने धरतो.

फॉन्ट निवडला 'रोझा वन'. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये आणलेला, फुकट वापरता येणारा. दिसायला एकदम भारदस्त. त्याचं मूळ घराणं विलायतेचं. रोमन अक्षरांच्या रेघांना टोकाला जे छोटे पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये भिंतींवर जाहिरातींची गर्दी झाली. त्या गर्दीत आपला कागद उठून दिसावा म्हणून तिथल्या टाइप ओतणाऱ्यांनी हे सेरिफवालं पुस्तकी अक्षर फुगवलं. जाड रेघा प्रचंड जाड केल्या, बारीक मात्र केसासारख्याच ठेवल्या. याला फॅट फेस म्हणतात. देवनागरीत असे पाय नसतात. शिवाय आपल्या बोरूची तिरपी कापणी रोमन लेखणीच्या उलट, त्यामुळे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक पडणार याचा हिशोबही वेगळा. तरी रोझा वनमध्ये तो थाट देवनागरीत छान उतरलाय. लॅपटॉपवर आमच्या दुकानाचं नाव असं दिसत होतं की मी ते आधी टीममधल्या लोकांना दाखवलं.

फ्लेक्स छापून आला आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी लागला. संध्याकाळी पेंटरकाका साखर न्यायला आले. दुकानाचं सामान अजून आमच्याच खात्यावर नेतात. पाटीकडे वर बघितलं, पण बोलले काहीच नाहीत. मीच न राहवून विचारलं, "कशी वाटली?"

"चांगलीये की. चल, रस्त्यापलीकडून बघू."

पलीकडे गेलो, साधारण चाळीस मीटर असेल. काका म्हणाले, "वाच आता."

मला अर्थातच वाचता आलं, कारण मजकूर मीच टाइप केला होता. पण खरं सांगायचं तर जाड उभे दांडे तेवढे दिसत होते, काळं कुंपण घातल्यासारखे. त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा विरून गेल्या होत्या. समोरून ट्रक आला, दिव्यांचा झोत पडला आणि उरलंसुरलंही गेलं.

रात्री गणित मांडलं (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार). निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाएवढा तपशील ओळखतो. चाळीस मीटरवर तो होतो सुमारे बारा मिलिमीटर. माझं अक्षर नऊ इंचाचं, आणि त्यातली बारीक रेघ नऊ मिलिमीटरची. म्हणजे चूक फॉन्टची नव्हतीच. पोस्टर जवळून बघतात, पाटी चालत्या गाडीतून. मी ती दोन फुटांवरून, लॅपटॉपवर पसंत केली होती.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. आता ते घरांना रंग देतात, पाण्याच्या टाक्यांवर नावं घालतात. त्यांच्याकडे एक जुनी वही निघाली, वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती चिकटवलेली. त्यात कमल शेडग्यांची अक्षरं होती. शेडगे २०२० साली गेले. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकांची नावं त्यांच्या हातची. त्यांनी प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर दिलं, नाव वाचायच्या आधीच नाटकाचा स्वभाव कळावा असं. काका म्हणाले, "हे गिरवून गिरवून शिकलो. शिकवायला कोण होतं?"

मी चाचरत विचारलं, पाटी रंगवून द्याल का. काका हसले. "त्या दिवशी अण्णा सांगत होते, तू म्हणालास कोण रंगवून घेतं आता."

काय बोलणार! मान खाली घातली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पत्रा आला. मी खडू लावलेली दोरी एका टोकाला धरली, काकांनी दुसरं टोक ताणून टिचकी मारली. झाली शिरोरेषा सरळ. अक्षर त्यांनी माझ्याच प्रिंटवरून घेतलं. तेच ऐटदार जाड काने, पण प्रत्येक बारीक रेघ बोटभर जाड केली. हात थोडा कापत होता. लांब रेघ ओढताना ते श्वास रोखत. एका मात्रेला रंग किंचित बाहेर गेला. पुसू का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. रस्त्यावरून दिसत नाही."

अण्णांनी मागितले तेवढे पैसे दिले आणि खात्यातली साखर खोडली. ती मात्र काकांनी पुन्हा लिहायला लावली. म्हणाले, "हिशोब वेगळा."

आता शनिवारी गाडीतून उतरलो की मी आधी पलीकडेच थांबतो. पाटी वाचता येते. बाहेर गेलेला रंग खरंच दिसत नाही, पण मला तो कुठे आहे ते माहीत आहे. असो.