लोकांनीं राखिलेली बाग

आपल्या नागपुरास बागांची वाण नाहीं. भोसल्यांनीं उभारलेली महाराजबाग आज कृषि महाविद्यालयाच्या देखरेखीखालीं आहे. तिच्या सावलींत बसणें मला फार आवडतें. परंतु राजाची बाग राजा राखतो, सरकारची सरकार राखतें. लोकांनीं आपण होऊन राखिलेली, आपल्याच मातींतील वनस्पतींची बाग कोठें असेल काय, हा विचार माझ्या मनांत वारंवार येई.

अशी बाग आपल्या विदर्भांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें एक लहानसें गांव आहे. २००९ सालीं या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलास भिंत नाहीं, फाटक नाहीं, पगारी माळी नाहीं. मोह, तेंदू, बांबू हीं तेथें आपल्या बळानें वाढतात, आणि गांव त्यांची राखण करितो. ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें होत नाहीं. सर्वांची संमति लागते. निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत विषयाची चर्चा होते.

या गांवाचा लढा एका वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नावर येऊन ठेपला, हें आम्हां विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. बांबू हें झाड कीं गवत? १९२७ च्या वनकायद्यांत त्याची गणना झाडांत होती, म्हणून तो सरकारचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो गौण वनोपज ठरला, म्हणून गांवाचा. वस्तुतः बांबू गवताच्याच कुळांतला! अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं सोंपविला. ज्ञान पोटास कसें उपयोगी पडतें, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आम्हां शहरवासीयांचें काय? माझी आजी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावी. होळीस त्याच फुलांचा रंग करी. आज आमच्या रस्त्यांवर मादागास्करहून आलेला गुलमोहर सर्वांस ओळखतां येतो. पळस मात्र फुलल्यावांचून पुष्कळांच्या ध्यानांतहि येत नाहीं. ज्याचें नांव विसरलें त्याची राखण कोण करणार?

म्हणून पालकांस व मित्रांस माझी विनंति कीं, येत्या पावसाळ्यांत एकेका आळीनें मिळून पळस, मोह, बेल, आवळा यांपैकीं चार रोपें लावावीं. पाणी कोणी केव्हां घालावें, हें मात्र सर्वांनीं एकत्र बसून, लहानांसहि विचारून, एकमतानें ठरवावें. रोप लावणें एका दिवसाचें काम आहे. उन्हाळ्यांत तें जगविण्यास सारी आळी लागते.