वहीत नसलेला रकाना

उघड्या सूक्ष्म चरींमधल्या प्रवाहावर काम करताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत होती. बाष्पीभवन संथ असतं, आपला प्रयोग काही सेकंदांत आटोपतो, मग त्याचा हिशेब कशाला धरायचा?

माझ्या चरी 20 मायक्रोमीटर रुंद आणि 10 मायक्रोमीटर खोल होत्या, वरून उघड्या. अशा मापाच्या चरीत पाण्याचा स्पर्शकोन 60 अंशांपेक्षा कमी असला, की केशाकर्षणानं पाणी पंपाशिवाय पुढे सरकतं. चरी पीडीएमएस या सिलिकॉन रबराच्या होत्या. हे रबर मूळचं पाण्याला जवळ करत नाही. ऑक्सिजन प्लाझ्मा दिला की पाणी त्यावर पसरतं, पण तो गुण दिवसागणिक ओसरत जातो. पाणी कुठेही अडलं की दोष या ओसरण्यावर टाकायची सवय मला लागली.

पुण्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाल रंगाचं पाणी सुरुवातीला झपाट्यानं धावायचं, मग मंदावायचं आणि सेंटिमीटरभर जाऊन थांबायचं. मागची टाकी भरलेली, पुढची चर मोकळी. वॉशबर्न यांच्या 1921च्या सूत्राप्रमाणे अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवं. म्हणजे काळाच्या वर्गमुळासमोर अंतर मांडलं की सरळ रेषा यायला हवी. माझे पहिले बिंदू त्या रेषेवर बसत, नंतरचे खाली घसरत. ते घसरलेले बिंदू मी ‘पृष्ठभाग खराब’ असा शेरा मारून आलेखातून काढून टाकले. माझी सर्वांत गंभीर चूक हीच.

पावसाळ्यात मी प्लाझ्माची वेळ वाढवली आणि पाणी जवळजवळ दुप्पट अंतर गेलं. श्रेय अर्थातच प्लाझ्माला दिलं आणि गटाच्या बैठकीत तसं मांडलंही. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “त्या दिवशी आर्द्रता किती होती?” माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

मग गणित करायला बसलो. एवढ्याशा चरीतल्या पाण्याला मागून पुरवठा झाला नाही, तर कोरड्या हवेत ते दोन-चार सेकंदांत उडून जातं. मापं निम्मी केली, तर हा वेळ साधारण चौथ्या हिश्शावर येतो. पाणी जितकं पुढे जाईल तितका उघडा पृष्ठभाग वाढतो, वाफ वाढते. उलट, लांबलेल्या वाटेच्या घर्षणामुळे पुरवठा घटतो. दोन्ही समान झाले की टोक थांबतं. थांबतं ते टोकच. मागून पाणी येतच राहतं आणि वाटेत उडत राहतं.

याचा पुरावा मी सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहत होतो. थांबलेल्या टोकाशी लाल रंग गडद होत जायचा. पाणी उडायचं, रंग मागे राहायचा. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद होते ती याच कारणानं. रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ते उलगडून दाखवलं. मी मात्र छायाचित्र ठळक येतं म्हणून समाधान मानलं होतं.

पुढे एकाच दिवशी प्लाझ्मा दिलेल्या चरी मी दोन बंद डब्यांत तपासल्या. एकात मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं, त्यानं आर्द्रता 33 टक्क्यांच्या आसपास राहते. दुसऱ्यात साध्या मिठाचं, त्यानं 75च्या आसपास. दमट डब्यात पाणी दीडपटीहून जास्त अंतर गेलं. सिद्धांतही तेच सांगतो. प्लाझ्माचा परिणाम होता, पण मी सांगितला तेवढा नव्हता. बैठकीतला निष्कर्ष मी मागे घेतला आणि काढून टाकलेले बिंदू आलेखात परत घातले. ते आज माझ्या कामाचा सर्वांत उपयोगी भाग आहेत.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहा, आणि रेषेवर न बसणारा बिंदू कारण सापडेपर्यंत खोडू नका.