चिंचोके

पोकर म्हटले की घरच्यांच्या लेखी जुगारच. म्हणून वसतिगृहात आम्ही आठ जणांनी प्रत्येकी 50 चिंचोक्यांवर स्पर्धा मांडली. हातात दोन पाने, मधे उघडी पाच. चिंचोके संपले की उठायचे.

पहाटे मी आणि माझा कन्नड मित्र उरलो. मधे दोन राजे होते. माझ्याकडे काहीच नव्हते. तरी सगळे चिंचोके पुढे लोटले. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्याने पाने टाकली. एक्क्यांची जोडी! आपली पाने दाखवायची सक्ती या खेळात अशा वेळी नसते.

चहाच्या गाडीवर त्याने विचारले, ‘‘तिसरा राजा तुझ्याकडेच होता ना?’’

‘‘हो.’’

‘‘खरेन?’’

‘खरे’ आमच्या दोन्ही भाषांत एकच. डाव तर केव्हाच संपला होता. मी मान डोलावली.

चहाचे पैसे त्यानेच दिले.