कब्रस्तानातला चाफा

२०१७ चा मे महिना. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांची मय्यत झाली होती. पुण्यातले कडक ऊन. जनाजा कब्रस्तानात पोचला तेव्हा कबर तयार नव्हती. कबर खोदणारे चाचा घामाने निथळत सुबाभळीच्या मुळ्यांवर कुऱ्हाड चालवत होते. "सकाळपासून लागलोय," ते म्हणाले, "मातीपेक्षा मुळ्याच जास्त निघतायत." शंभर-सव्वाशे माणसे उन्हात ताटकळत उभी होती. सावली होती ती फाटकाजवळच्या एकाच जुन्या कडुनिंबाची. तिथे म्हाताऱ्या माणसांना उभे केले आणि आम्ही डोक्याला रुमाल बांधून खाली माना घालून उभे राहिलो.

त्या दिवशी परतताना आम्ही सात-आठ जणांनी ठरवले, कब्रस्तानात झाडे लावायची. आम्ही म्हणजे एक रिक्षावाला, दोन शिक्षक, एक गॅरेजवाला, बेकरीत हिशेब लिहिणारा एक जण आणि कॉलेजात शिकणारी तीन पोरे. झाडांमधले कळणारा एकही नाही, पण उत्साह दांडगा! ट्रस्टची आणि उद्यान विभागाची परवानगी काढली. भिंतीकडेची सुबाभूळ कापली. लवकर वाढतात म्हणून गुलमोहर आणि सोनमोहर आणून लावले. फोटो काढले. जुम्म्याला मौलानासाहेबांनी आमचे कौतुकही केले. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो, ही हदीस त्यांनी सांगितली. आम्ही खूश झालो.

पुढच्या मेपर्यंत निम्मी रोपे जळाली, काही शेळ्यांनी खाल्ली. आणि कापलेल्या सुबाभळीच्या एकेका खोडाला आठ-आठ, दहा-दहा फुटवे आले. आम्ही सुबाभूळ कमी करायला गेलो आणि ती वाढवून बसलो.

तेव्हा शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका मॅडमना आम्ही बोलावले. त्यांनी आम्हाला आधी मुंबईला जाऊन माहीमचे निसर्ग उद्यान पाहून यायला सांगितले. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकर जागा. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. त्या कचऱ्यावर १९८३ मध्ये झाडे लावायला सुरुवात झाली ती डॉ. सलीम अलींच्या हातून. १९९४ मध्ये ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. पक्ष्यांच्या मागे आयुष्यभर फिरलेला, खेतवाडीत वाढलेला हा आपला माणूस. आम्ही त्यांचे नाव शाळेत ऐकले होते, पण त्यांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत तेव्हाच पहिल्यांदा उभे राहिलो. कचऱ्यावर जंगल होते, तर आमच्या मातीत का होणार नाही?

परत आल्यावर इशाच्या नमाजनंतर मदरशाच्या खोलीत बैठक झाली. मॅडमनी समजावून सांगितले. सुबाभूळ मेक्सिकोकडची. चारा आणि जळण मिळेल म्हणून आपल्याकडे भरमसाट लावली. तिच्या शेंगांतून बी सांडते आणि ते बरीच वर्षे मातीत जिवंत राहते. खाली दुसरे काही वाढणे मुश्कील होते. गुलमोहर मादागास्करचा. दिसायला सुंदर, पण इथल्या किड्यापाखरांच्या तो फारसा उपयोगाचा नाही. बहाव्याच्या पानांवर पिवळट फुलपाखरे अंडी घालतात. आपण उपटून टाकतो त्या रुईवर तांबूस पंखांच्या फुलपाखराची अळी वाढते. उंबराच्या फळात एक बारीकशी गांधीलमाशी जन्मते आणि ती फळे खायला हरियाल येतात. अळ्याच नसतील तर चिमणी पिलांना भरवणार काय? म्हणून देशी झाडे लावा, विदेशी काढा.

खोलीत शांतता पसरली. मग आमचा रिक्षावाला मित्र म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण हे देशी-विदेशी आम्ही रोज बाहेर ऐकतो. कोण इथला, कोण बाहेरचा. आता कब्रस्तानातल्या झाडांनाही तेच विचारायचे?"

आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात ते होतेच, बोलून दाखवले त्याने. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी नीट सांगितले नाही. चिंच आफ्रिकेतून आली. शेकडो वर्षे झाली, आज तिच्याशिवाय आपले गाव दिसत नाही की आपली आमटी होत नाही. तिला कोण काढा म्हणतो? झाड कुठून आले, एवढ्यावर सोडायचे नाही. ते इथे काय करते, दुसऱ्याला जगू देते का, हे बघायचे. सुबाभूळ जगू देत नाही, म्हणून ती काढायची."

मित्राने मान हलवली. त्याचे पूर्ण समाधान झाले असे नाही. आजही हा शब्द निघाला की तो हसून म्हणतो, "दुसऱ्यांना जगू देणारी म्हणा, देशी नका म्हणू." आम्हीही आता तसेच म्हणतो.

तरी आमच्या हातून चूक व्हायची ती झालीच. उत्साहाच्या भरात काढायच्या झाडांची यादी केली आणि तिच्यात पांढरा चाफाही लिहिला. चाफा म्हणजे कब्रस्तानाचेच झाड, असे आम्ही लहानपणापासून समजत आलो. तो मध्य अमेरिकेतून आला, त्याच्या फुलांत वास आहे पण मध नाही, हे नव्याने कळले होते. यादी मशिदीच्या फळ्यावर लागली. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या खालांचा निरोप आला, "मेरे बच्चे का झाड नक्को तोडो बोलो उनको."

आमच्या कब्रस्तानात बायका आत येत नाहीत, तसा रिवाज आहे. खालांचा मुलगा विसाव्या वर्षी अपघातात गेला. त्याच्या कबरीच्या उशाला चाफा लावलेला. खाला बाजाराला जाता-येता भिंतीबाहेर थांबायच्या. आतली कबर दिसायची नाही, पण भिंतीवरून चाफ्याचा शेंडा दिसायचा. ते झाड हाच त्यांच्यासाठी मुलाचा पत्ता होता. आम्ही ते एका ओळीत लिहून टाकले होते. यादी काढून घेतली आणि खालांची माफी मागायला गेलो.

त्यांनी चहा दिला. मग विचारले, "लावणार काय आहात?" आम्ही नावे सांगितली. करंज, बहावा, कडुनिंब, भोकर, तामण, पांगारा. "मग रोपे विकत कशाला घेता?" त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यापासून गल्लीतल्या बायकांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपे करायला घेतली. करंजाचे बी लगेच रुजते. कडुनिंबाच्या बिया ताज्या असतानाच पेराव्या लागतात, ठेवून दिल्या की उगवत नाहीत. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते. खाला त्या फरशीवर घासून रात्रभर पाण्यात ठेवायच्या. घराघरांच्या कठड्यांवर पिशव्यांच्या रांगा लागल्या. आम्ही ती रोपे भिंतीच्या कडेने लावली, कबरींपासून लांब. वड-पिंपळ मुद्दाम टाळले, त्यांची मुळे भिंत फोडतात. सुबाभूळ या वेळी मुळासकट काढली आणि फुटवे दर पंधरवड्याला उपटले. शक्यतो कबरी कच्च्याच ठेवा, पाऊस मातीत मुरू द्या, असे घरोघर सांगितले. काहींनी ऐकले.

२०२० चा उन्हाळा आम्हाला विसरता येणार नाही. आम्हाला बाहेर पडता येत नव्हते आणि कब्रस्तानात मय्यती थांबत नव्हत्या. त्या दिवसांत झाडांना पाणी घातले ते कबर खोदणाऱ्या चाचांनी. अंगावरचा तो पांढरा प्लास्टिकचा पोशाख उतरवायचा, हातपाय धुवायचे आणि मग बादली उचलायची. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "दिवसभर मातीत माणसेच ठेवत होतो. काहीतरी उगवताना बघायचे होते."

आता करंज माणसाच्या दुप्पट उंच झाले आहेत. बहाव्याला गेली दोन वर्षे फुले येतात आणि पावसाळ्यात त्याच्याभोवती पिवळी फुलपाखरे फिरतात. शिंपी पक्ष्याने भोकराची पाने शिवून घरटे केले. फार मोठे काही झालेले नाही. सुबाभळीचे बी अजून उगवते, आम्ही अजून उपटतो.

गेल्या मे महिन्यात खालांचा जनाजा आला. कबर वेळेत तयार होती. माणसे करंजांच्या सावलीत उभी होती. मुलाच्या कबरीशेजारी, चाफ्याखाली त्यांना जागा मिळाली. माती देऊन झाल्यावर आमचा रिक्षावाला मित्र हळूच म्हणाला, "इथली निम्मी झाडे यांच्या हातची. पण त्यांनी ती आतून कधी पाहिलीच नाहीत."

फातेहा पढून झाला तरी आम्ही तिथेच उभे होतो. कोणत्या झाडाला आत राहू द्यायचे, यावर आम्ही रात्र-रात्र बोललो होतो. खालांना आत यावेसे वाटते का, हे मात्र आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नव्हते. या पावसाळ्यात गल्लीतल्या बायकांनी पुन्हा रोपे केली आहेत. ती लावताना त्याही सोबत असाव्यात, असा अर्ज आम्ही ट्रस्टकडे दिला आहे. उत्तर यायचे आहे.