स्टिक घेताना

तळेऱ्यात मी शिवणकाम करते. माझ्या मुलाने सुट्टीत काम करून चार पैसे जमवले आणि मारामारीच्या व्हिडिओ गेमसाठी स्टिक मागवली. सर्वांत स्वस्त घेतली. महिन्याभरात दांडा अडकू लागला. "पैसे पाण्यात घातलेस," मी ओरडले. तो काही बोलला नाही. ते मला फार लागले.

पुन्हा घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने जुनी स्टिक माझ्यासमोर उघडली. दांड्याखाली चार छोटे स्विच. दांडा कलला की त्या दिशेसाठीचा स्विच दबतो. "आई, जपानच्या सान्वा कंपनीचा दांडा आणि ३० मिलिमीटरची बटणे बसणारी स्टिक घेतली, तर बिघडलेला तेवढाच भाग बदलता येतो."

मला माझी शिलाई मशीन आठवली. तिचेही तसेच. बूड जड हवे, पार्ट मिळायला हवा. हलकी स्टिक खेळताना सरकते, हे मला लगेच पटले.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. तो खरेदीलाही लागू आहे. निम्मे पैसे मी घातले.

भगिनींनो, मुलाच्या हौसेला नावे ठेवण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसून ती समजून घ्या. मी आधी रागावले, मग समजून घेतले. क्रम उलटा हवा होता.