मैंदर्गीच्या वाटेवरचे दुभाषी सूर

सोलापूरहून अक्कलकोटमार्गे आग्नेयेकडे जाणारा रस्ता ज्वारी-तुरीच्या काळ्या रानांतून मैंदर्गीला पोहोचतो आणि पुढे दुधनीवरून कर्नाटकातील गाणगापूरकडे वळतो. अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे हे गाव महाराष्ट्रात असले, तरी तेथील घराघरांत आणि बाजारात कानडी सहज बोलली जाते. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने 1967 च्या अहवालात अक्कलकोट तालुका तत्कालीन म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही आणि सीमावादही मिटला नाही. मात्र या मुलखातील गाण्याने हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी आपल्या पद्धतीने सोडवलेला होता.

त्याचा पहिला पुरावा प्रवासाच्या आरंभीच, सोलापुरात भेटतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शहरात वाढलेले शाहीर राम जोशी हे संस्कृतचे पंडित होते, आणि मराठीबरोबर संस्कृत, हिंदी व कानडी या भाषा एकाच लावणीत गुंफण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. श्रोत्यांनाच या भाषा ओळखीच्या नसत्या, तर अशी रचना फडावर उभी राहिली नसती. म्हणून राम जोशींच्या प्रतिभेइतकेच श्रेय सोलापूरच्या दुभाषी श्रोत्यांनाही द्यावे लागते.

मैंदर्गीच्या पलीकडे विजयपूर-कलबुर्गीच्या पट्ट्यात गायली जाणारी ‘गीगी पदे’ हा या देवाणघेवाणीचा सर्वांत बोलका नमुना होय. मुख्य गायक हातातील डफावर कथा किंवा वाद उभा करतो, साथीदार तुणतुणे आणि टाळ धरतात, आणि प्रत्येक कडव्याअखेर ‘गी गी’ असे पालुपद उचलून धरतात. मराठी शाहिराच्या मागे झीलकरी, म्हणजे सूर धरून साथ करणारे गायक, ‘जी जी’ म्हणतात तसेच हे आहे. नात्याची खूण यापेक्षाही खोल आहे. मराठी शाहिरीत शक्तीला श्रेष्ठ मानणारा कलगी पक्ष आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुरा पक्ष रात्रभर सवालजवाब करतात, तर कानडीत हाच झगडा नागेशी आणि हरदेशी या नावांनी रंगतो. वाद्ये उसनी घेणे सोपे असते. पण तत्त्वज्ञानाचा अख्खा वाद, त्याच्या दोन बाजूंसह, दुसऱ्या भाषेत रुजतो तेव्हा दोन्ही समाजांचे जगणे किती एकत्र विणलेले होते, हे कळते.

टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या सीमेवरही असेच घडले. जर्मन-चेक वसाहतकऱ्यांचा अकॉर्डियन आणि पोल्का नाच तेथील स्पॅनिश गाण्यात मुरला, आणि 1975 मध्ये फ्रेडी फेंडर या टेक्सासच्या गायकाचे इंग्रजी-स्पॅनिश गीत अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीताच्या यादीत अग्रस्थानी गेले. फरक इतकाच की तेथे नवे मानले गेलेले मिश्रण सोलापूरच्या फडावर दोन शतके आधी झालेले होते.

रंगभूमीवरही हे ऋण दुतर्फा आहे. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. पुढे मराठी मंडळ्यांच्या दौऱ्यांनी डिवचले जाऊन गदगच्या शांतकवींनी कानडी नाटके लिहून स्वतःची मंडळी उभी केली.

मैंदर्गी सोडून प्रवासी गाणगापूरला पोहोचतो, तेव्हा राज्य बदललेले असते. तेथे दत्तसंप्रदायाचे गुरू नृसिंह सरस्वती यांच्या पादुकांपुढे महाराष्ट्रातून आलेले भाविक मराठी पदे म्हणतात. या गुरूंच्या ज्या ‘गुरुचरित्रा’मुळे ते तेथवर येतात, त्या मराठी ग्रंथाचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा मात्र कानडी होती, असे अभ्यासक मानतात.