आबांच्या दोन एचएमटी

आमच्या आबांकडे एचएमटीच्या दोन वस्तू होत्या. एक मनगटावर, रोज सकाळी चावी द्यावी लागणारी. दुसरी गोठ्याशेजारी पत्र्याखाली. हॉस्टेलवर "एचएमटीचा ट्रॅक्टर" म्हटलं की मुली हसतात. हसू नका! १९७१ साली एचएमटीने हरियाणात पिंजोरला, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. आमचा २५११ त्यातलाच. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर, आणि आवाज असा की तो शिवारात असला तर आजीला घरात कळायचं, चहा टाकायला अजून वेळ आहे.

माझी शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दंड. त्यामुळे माझं खरं मराठी मे महिन्यात, जालन्याजवळच्या आमच्या रानात, मडगार्डवर बसून झालं. तास, फाळ, ढेकूळ, बांध, हराळीच्या काशा. हरभरा निघाला की रान नांगरून तापत ठेवायचं, म्हणजे काशा वाळतात, किडीचे कोष उन्हाने मरतात. (हा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता, निदान आमच्या तरी.)

काळी जमीन वाळली की दगड होते. फाळ आत गेला की इंजिनचा आवाज जड व्हायचा, धूर काळा यायचा, आणि आबांचा उजवा हात न बघता हायड्रॉलिकच्या दांडीवर जायचा. नांगर किंचित वर, आवाज पुन्हा मोकळा. मीटर केव्हाच बंद पडलं होतं. "कान हायेत ना," म्हणायचे. यंदा लायब्ररीत हॅरी फर्ग्युसनची थ्री-पॉइंट लिंकेज वाचली. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. नांगराची ओढ मागच्या चाकांवर वजन टाकते, म्हणून हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. आकृती बघताना मला सारखा आबांचा हातच दिसत होता.

चौदाव्या वर्षी मी स्टिअरिंग मागितलं. काका म्हणाले, "पोरीच्या हातात कशाला?" आबा काही बोलले नाहीत. सीटवरून उठले आणि मडगार्डवर, माझ्या जागी, जाऊन बसले. "मागं बघू नको पोरी. समोरच्या लिंबाकडं बघ." बांधापर्यंत तास गेलं. आबांनी खाली उतरून ते पाहिलं आणि काकांना एवढंच म्हणाले, "उद्याचं वरलं रान हिच्याकडं."

२०१६ मध्ये पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय झाला. पुढे पार्ट मिळणं अवघड झालं. दोन वर्षांपूर्वी आबाही गेले. आता नांगरट भाड्याच्या पन्नास हॉर्सपॉवरवर होते, तासाच्या हिशोबाने. हे तास घड्याळातलं.

गेल्या महिन्यात भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. बाबांनी फोन केला, "देऊन टाकू का?"

मी म्हटलं, सबमिशन संपू द्या. मे मध्ये मी आणि बॅचमधले तिघे येतोय. हायड्रॉलिकचं सील गळतंय, पंप उघडून बघू. तोवर त्याला थांबवा.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चौघांच्या जेवणाचं आईला सांगतो. डिझेल मात्र तुमचं."